तिला कोण सांगणार

ऑफिसच्या शिबिरात नवऱ्यानं मोठ्या हौसेनं रक्तदान केलं आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला, येऊन भेटा. सिफिलिस निघाला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यानं मला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शनही दिलं. रडून सुजलेले डोळे घेऊन, कंबर धरून मी आमच्या सरकारी क्वार्टरचा जिना चढले. रिपोर्टही मग पॉझिटिव्हच आला.

लग्नाआधी त्याची एक मैत्रीण होती. इथेच दिल्लीत, मुनिरकात शेजारशेजारच्या खोल्यांत राहून दोघं यूपीएससीची तयारी करायची. आता ती फरीदाबादला नोकरी करते. हे मला आधीच माहीत होतं आणि मी मोठ्या मनानं चालवून घेतलं होतं. कसलं डोंबलाचं मोठं मन! तिचं काहीतरी माझ्या रक्तात आलंय, या विचारानं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. कुणाकडून कुणाला गेलं देव जाणे, पण मी खापर तिच्यावर फोडून मोकळी झाले.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की तिलाही कळवायलाच हवं. काही त्रास जाणवत नसला तरी आजार आत राहतो, पुढे मूल व्हायच्या वेळी बाधतो. नवऱ्यानं मान हलवली आणि घरी येऊन रोज 'करतो गं फोन' एवढंच म्हणत राहिला. मला वाटलं, लाजतोय. लग्नानंतर तिच्याशी एकदाही बोललो नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं.

शेवटी रविवारी नाश्ता झाल्यावर मी फर्मान काढलं, फोन माझ्यासमोर आणि स्पीकरवर. फोनवर मला कोण बघणार होतं, तरी मी केस विंचरून, बरा ड्रेस घालून बसले. ती गोरी आहे का, विचारलं. आठवत नाही म्हणाला. बायकोसमोर या लोकांची स्मरणशक्ती बरोबर जाते. नंबर कधीच डिलीट केला म्हणत होता, पण आकडे न अडखळता टाकले. मग मात्र त्याचं बोट थांबलं, म्हणून कॉलचं बटण मीच दाबलं.

तिनं लगेच उचलला.

"काय रे, तिचं इंजेक्शन झालं ना? फार रडली म्हणालास."

नवरा खाली बघत राहिला. मी फोन ओढून घेतला.

"झालं," मी म्हटलं. "तुमचं?"

ती म्हणाली, "माझं तुमच्या आधीच झालं."

मी बरी आहे का, असंही तिनं विचारलं, आणि तेही मनापासून. म्हणजे चिडायचीही सोय ठेवली नाही. मी फोन ठेवला. ती सुखरूप होती, याचं बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मला कळायच्या आधी तिला कळलं होतं.

"आधी तिला का सांगितलंस?" मी विचारलं.

"तिला सांगायची भीती नाही वाटली," तो म्हणाला.

मला त्या बाईचा अजूनही हेवा वाटतो, तो एवढ्यासाठीच.