हिरव्या बिस्किटांतली साखर

यवतला आपलं पीठ, तूप, साखर बेकरीच्या भट्टीवर नेऊन बिस्किटं भाजून घेतात. ऑफिसच्या नाताळ पार्टीसाठी मीही तिथं परात घेऊन बसले होते. माझं पीठ हिरवं बघून शेजारच्या अनोळखी मावशींनी विचारलं, "घरात कोन आजारी हाय का? औशिदी पाला घातलाय न्हवं?"

"नाही हो, ग्रीन टीची पूड घातलीय. पार्टीला न्यायचीत."

त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे बारीक केले, पदरानं तोंड पुसलं. "पार्टी म्हंजी पाव्हणंच की. पाव्हण्यांस्नी कडू घालत्यात व्हय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी आपल्या डब्यातली मूठभर पिठीसाखर माझ्या परातीत टाकली आणि मळायलाही घेतलं. रागवावं की हसावं, मला कळेना. वाटलं, इतकं मापानं केलेलं सगळं बिघडलं.

पार्टीत डबा बघता बघता रिकामा झाला. मॅडम म्हणाल्या, "रेसिपी पाठव. साखर किती, ते नीट लिही."

घरी येऊन माप घ्यायला मी पिठीसाखरेच्या डब्यात हात घातला, मूठ भरली आणि पुन्हा उघडली. एवढीशी नव्हती ती. त्या मावशींची मूठ मोठी होती.