उसणीवरची लाथ

फिजिओथेरपिस्टकडं पेशंट कमी आणि किस्सेच जास्त जमतात. त्यातून क्लिनिक जळकोटसारख्या गावात असलं की बघायलाच नको! घरचे म्हणतात, "बंद कर ते, सोलापूरला नोकरी बघ." पेशंट येतात हो. पण आधी भागाबाईंकडं जाऊन येतात.

भागाबाई पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या. पायाळू माणसानं पाठीत लाथ घातली की उसण निघते, असं अख्खं गाव मानतं. मी कॉलेजात वर्षं घालवली, त्यांची डिग्री जन्मजात!

*

सोयाबीनचं पोतं उचलताना एका काकांच्या बरगडीत उसण भरली. छातीचं दुखणं, म्हणून मी आधी डॉक्टरकडं पाठवलं. ईसीजी नॉर्मल आला.

"काका, हार्ट ठणठणीत आहे. बरगड्यांमधला स्नायू ताणलाय, विश्रांती घ्या."

काका भडकले. "समदे पाव्हणे भेटायला आलेत! त्यान्ला काय सांगू आता?"

*

दुसरे एक आजोबा. शिंक आली की कळ डोक्यात जायची. मी म्हटलं, "आजोबा, तपकीर बंद करा."

"तपकीर न्हाय सुटत. शिंक बंद व्हायचं औषध द्या!"

*

एका वहिनींना सांगितलं, खोकताना उशी कुशीला दाबून धरा. आठवड्यानं वैतागून आल्या.

"मॅडम, दिवसभर उशी धरून बसते. पण खोकलाच येत न्हाय!"

कपाळाला हात लावला मी.

*

आणि एक दिवस खुद्द भागाबाई आल्या, कुशीवर हात दाबून. लाथ घालताना त्यांचाच स्नायू धरला होता!

"समद्यांची उसण म्या काढते, माझी कुणी काढायची?"

राग आला, हसूही आलं. शेक दिला, हळूहळू श्वास घ्यायला शिकवलं, मग हलके व्यायाम. दोनेक आठवड्यांत बाई मोकळ्या झाल्या.

जाताना कानाशी येऊन म्हणाल्या, "खरं सांग पोरी, तू बी पायाळूच न्हवं?"

"नाही हो आजी! हे शास्त्र आहे!"

"व्हय, व्हय. माझ्यानं आता लाथ उचलत न्हाय. गावाला सांगते म्या."

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायला गेले, तर दारात ही मोठी रांग. मला बघताच सगळे माझ्याकडं पाठ करून उभे राहिले!