गाळलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आईला कळलं असावं, पण तिनं कधी विषय काढला नाही — आमच्या घरात गप्प बसणं सगळ्यांनाच छान जमतं. मग तुम्हाला का सांगतेय? स्वतःचाच वैताग आलाय, म्हणून असेल.

गावातून इंजिनियर झालेली मी पहिली मुलगी. त्यामुळे गावची शाळा दरवर्षी मला बोलावते, मुलांपुढे उभं करते, आणि एक प्रश्न हमखास येतो — ताई, तुमचा आदर्श कोण? मी सांगते, आमचे आबा. आबा म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले. ते आता नाहीत, पण शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खाली 'प्रेरणास्थान' असं लिहिलेलं. ते माझ्यामुळे.

आणि आबांनी केलं काय होतं? दहावीनंतर मला लोणावळ्याला डिप्लोमाला जायचं होतं, तेव्हा आमच्या ओट्यावर बसून ते वडिलांना म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला पायजे त्ये? पुढल्या साली उजवून टाक." वडिलांनी फॉर्म दुमडून खिशात घातला.

मग आदर्श कोण? सांगायलाच बसलेय, तरी बघा कशी घुटमळतेय.

सुनंदामावशी. नात्यातली नव्हे, गावातलीच; आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो. उर्से टोलनाक्यावर बूथमध्ये बसायची. गणवेश घालून कामाला जाणारी आमच्या गावातली पहिली बाई. एकदा वडिलांच्या टेम्पोतून जाताना आमच्या पुढचा गाडीवाला तिच्यावर ओरडत होता, नको नको ते बोलत होता. ती आवाज न चढवता पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "साहेब, गाडी पुढं घ्या." शेवटी त्यानं घेतली. मोठं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आजही साइटवर ठेकेदार अंगावर आला की मी त्याच आवाजात बोलते. तो आवाज तिचा आहे, माझा नाही.

फॉर्मचं कळल्यावर मावशी ड्यूटीवरून थेट आमच्या अंगणात आली. "दादा, सही करा. पोरगी नापास झाली तर मला इचारा." तासभर ती तशीच उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नाही. मीही नाही. वडिलांनी अखेर सही केली.

नोकरी लागल्यावर गावानं माझा सत्कार ठेवला. भाषण मी लिहून नेलं होतं, पहिल्याच ओळीत मावशीचं नाव. स्टेजवर आबा आणि सगळी भावकी. मावशी बौद्ध वस्तीतली — आमच्या घरातली पोरगी तिनं घडवली, हे त्या माईकवरून म्हणायला माझी जीभ रेटेना. एवढंच. गडबडीत चुकलं, विसरले, असलं काहीबाही मी स्वतःला सांगून पाहिलंय. कागद डोळ्यांसमोर होता, विसरेन कशी? मी ती ओळ वाचली आणि तिच्या नावाच्या जागी आबांचं नाव घेतलं. आबासुद्धा चमकून माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी मान डोलावली.

मावशी शेवटच्या रांगेत होती, शिफ्ट बदलून आलेली. तिनंही टाळ्या वाजवल्या. नंतर जवळ येऊन म्हणाली, "लय चांगलं बोललीस गं." चिडली असती तर? चार शब्द सुनावले असते तर? मी रडून मोकळी तरी झाले असते. तेही तिनं होऊ दिलं नाही. खरं सांगू? कधीकधी मला तिचाच राग येतो. म्हणजे बघा, किती खालच्या थराला जाता येतं माणसाला.

गेल्या महिन्यात पुन्हा शाळेत गेले. या वेळी प्रश्न विचारायला उठली ती पाचवीतली एक मुलगी, मावशीची नात. म्हणाली, "आजी म्हणती, ताईवानी हो. ताई, तुमचा आदर्श कोन हाय?"

म्हणजे मावशीनं घरी एका शब्दानं काही सांगितलेलं नव्हतं. भिंतीवर आबा होते, शेजारी हेडमास्तर उभे होते, आणि पोरगी पेन उघडून वाट बघत होती.

मी आबांचं नाव सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि त्याच्याखाली पट्टीनं रेघ मारली.