मेन आधी बंद, मग राग

प्रभाकरकाका इंगळे आणि मी पहिल्यांदा भेटलो ते अमरावतीत, एका अर्धवट बांधलेल्या अपार्टमेंटच्या जिन्यात. मास्तरांशी भांडून मी कॉलेज मधेच सोडलं होतं. उभं आयुष्य वऱ्हाडातल्या इमारतींची वायरिंग केलेल्या काकांनी एवढंच विचारलं, "राग लवकर येते म्हंतात तुले?" मी मान हलवली. "येऊ दे. फक्त आधी मेन बंद करत जाय, मंग रागवत जाय." त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली काम शिकतोय.

काका आज पंच्याहत्तरीचे झाले, तरी वायर निवडतात ती मे महिन्याच्या हिशोबानंच. भर दुपारी पश्चिमेच्या भिंतीवरच्या वायरच्या पाइपाला हात लावून बघतात. "ऊन मानसालेच लागते काय? तारेलेई लागते." चटका बसला, तर सहा एमएमच्या जागी दहाची जाड वायर. त्यात त्यांनी कुणाची भीड ठेवलेली मी पाहिली नाही.

अकोल्यातल्या एका घराचं काम मात्र मी विसरणार नाही. त्या घरची मुलगी माझ्या मनात होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, काकांना ठाऊक आहे. घरात नवे एसी लागले आणि मीटरजवळची मेन एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, सारखी पडायला लागली. तिचे वडील म्हणाले, "मोठी एमसीबी टाकून द्या, झालं."

"एमसीबी खराब नाही, भाऊ," काका म्हणाले. "मीटरपासून आलेली तार पतली हाये. मोठी टाकली त एमसीबी पडनार नाही, तार जळन."

"मग मी दुसरा माणूस पाहतो. अन् हा कॉलेज सोडलेला पोरगा कशाला आणता माझ्या घरात?"

माझं डोकं फिरलं. मनातलं सगळंच बोलून टाकणार होतो. माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "मेन बंद कर."

मी जाऊन खटका पाडला. पंखे थांबले. त्या शांततेत काका सावकाश बोलले, "पाहा दुसरा. पन तुमची लेक वरच्या खोलीत झोपते. मोठी एमसीबी माह्या हातानं लागनार नाही. अन् हा पोरगा? याले अन् एमसीबीले एकच रोग हाये, गरम झाले का पडतात. पडते तेच बरं, भाऊ."

वडील मीटरजवळच्या भिंतीपाशी गेले. मग त्यांनी स्वतः तारेच्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याच आठवड्यात आम्ही जाड वायर ओढली.

माझ्यासाठी तिच्या वडिलांकडे लग्नाचा शब्द टाकायला अकोल्याला यायचं काकांनी कबूल केलं आहे. कधी, असं विचारलं की म्हणतात, "तिकडची लाइन गरम हाये अजून." काकांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागण्यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही. काका शब्द टाकेपर्यंत माझा मेन बंद आहे.