प्लग जमिनीवर आणि अंगठी स्क्रीनवर

वडील रेल्वेत खलाशी. नागपूरकडून जयपूरला बदली झाली तेव्हा क्वार्टरची एकच खोली आणि आम्ही पाच जण. आई कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, त्यावर माझी फी निघायची. तरी मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. सायन्स शिकलोय, म्हणून चमत्काराच्या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... अजूनही नाही. पण मग हे काय होतं, ते तुम्हीच सांगा.

गोष्ट २००५-०६ च्या सुमाराची. चारदीवारीतल्या, म्हणजे जयपूरच्या जुन्या शहरातल्या, एका जव्हेऱ्याला कॉम्प्युटरवर दागिने डिझाइन करणारा माणूस हवा होता. सेठजी म्हणाले, "सोमवार तक एक अंगूठी बना के लाओ. पसंद आई तो नौकरी, नहीं तो राम राम."

माझा कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला चपटा डबा. थ्रीडी सॉफ्टवेअर त्यावर रखडायचं, म्हणून ग्राफिक्स कार्ड घेणं भाग होतं. दुकानदाराला मी बजावलं होतं — भैया, याचा पॉवर सप्लाय लहान आहे, कमी वीज खाणारं कार्ड द्या. तर तो म्हणे, "अरे भाईसाहब, ये ले जाओ. पूरा मोहल्ला चलेगा इस पे!"

मोहल्ला राहू द्या, अंगठीसुद्धा फिरेना! स्क्रीनवर जरा फिरवली की धप्प — सगळं बंद. परत चालू, परत बंद. मोठा सप्लाय त्या चपट्या डब्यात बसत नव्हता. दुकानदाराला फोन केला तर उलट मलाच, "आपके घर की लाइट कमज़ोर होगी." बी.एस्सी. माणसाला हे ऐकावं लागतं!

रविवार उजाडला. आई सकाळीच शेजारणींबरोबर जवळच्या बस्सी गावी बारशाला गेली, बाबा ड्यूटीवर. अंघोळ करून आलो आणि दातओठ खात बटण दाबलं.

चाललं की! अंगठी फिरवली, पाकळ्या काढल्या, खडे बसवले... दुपारभर एकदाही बंद नाही. म्हटलं, आली एकदाची अक्कल डब्याला. फाइल मित्राच्या पेन ड्राइव्हवर घेतली.

तेवढ्यात बाबा आले. बूट ठेवायला कपाटाशी वाकले आणि तसेच थांबले.

"काऊन रे, हे कसं चालू आहे?"

"कार्ड सुधारलं, बाबा."

"कार्ड गेलं खड्ड्यात. प्लग तर खाली पडला आहे!"

कपाटामागे वाकून पाहिलं. कॉम्प्युटर, मॉनिटर, दोन्ही ज्या एक्स्टेंशनवर, त्याचाच प्लग फरशीवर. यूपीएस नाही, इन्व्हर्टर नाही. आणि स्क्रीनवर अंगठी गरगर फिरतेय.

बाबांनी प्लग लावला. दोन सेकंदांत — धप्प. बंद! म्हणजे वीज दिली की चालत नाही आणि काढली की चालतं? हे कुठल्या फिजिक्समध्ये बसतं?

संध्याकाळी आई आली. "मीच काढला सकाळी. क्वार्टरचं वायरिंग जुनं, बाहेर जाताना मी सगळेच प्लग काढते, माहीत नाही का तुला?"

"अगं, पण कॉम्प्युटर दिवसभर चालू होता!"

"लाइटचं बिल वाचलं न? मंग ओरडून काऊन राहिला?"

त्यानंतर कितीदा तरी प्लग काढून बटण दाबलं. ढिम्म. दुकानदाराशी भांडून कार्ड बदलून आणलं, लहान, पंखा नसलेलं. ते नीट चाललं, पण प्लग लावल्यावरच. कुणाला वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची थिअरी सांगायची असेल तर कृपा करून सांगू नका. कपॅसिटरवर अख्खी दुपार निघत नाही, तेवढं मलाही कळतं. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मी पाहिलं ते पाहिलं." इतकी वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही आणि आठवलं की अजून डोकं भणभणतं.

त्या सोमवारी मी पेन ड्राइव्हवरची अंगठी घेऊन गेलो. सेठजींना ती पसंत पडली आणि मला नोकरी लागली.