ओट्यावरची खाट

आमच्या कोरीट गावच्या नाटकात पडदा तुटून पडला नव्हता; तो मी पाडला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंगलला तर नाहीच. (मंगल म्हणजे माझी बायको, आणि त्या नाटकाची नायिका.)

नाटक मूळचं ग्रीसमधलं, फार फार जुनं. तिथले नवरे लढाई थांबवत नाहीत, म्हणून बायका त्यांना जवळ येऊ न देण्याची शपथ घेतात. आमच्या महिला मंडळाने लढाईच्या जागी शेताच्या बांधाचं भांडण घातलं, भाषा अहिराणी केली आणि शपथ ठरवली: भांडण मिटेपर्यंत नवऱ्याची खाट ओट्यावर! पडद्याची दोरी माझ्याकडे आली. माणूस बोलत नाही, दोरी तरी ओढेल, असा मंडळाचा विचार.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मंगल सहज म्हणाली, "शपथ उखाणाम्हा लेवानी शे. तुमनं नाव लेसू."

"मन्हं? नाटकना नवरानं का नई?"

"त्यानं नाव लिधं तं तुमले चालई का?"

ते नकोच, पण माझंही नको. मी शाळेत क्लार्क. उद्या पोरं विचारणार, सर, रात्री थंडी वाजली का?

संध्याकाळी मैदान भरलं. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, त्यांच्यात पहिल्याच रांगेत माझी माय. मंगल अशी काही बोलत होती की मी दोरी धरून बघतच राहिलो. घरात ती "भाजी उतारू का?" एवढंच विचारायची. (मी त्यालाही मानेनेच उत्तर द्यायचो.) शपथेची वेळ आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातून दोरी सुटली. म्हणजे, मी सोडली.

पडदा धपकन खाली. मंगल आत, प्रेक्षक बाहेर. बुडालं नाटक! पण बायकांना वाटलं, सूनबाई लाजली. लग्नात नवरी अडली की होतो तसला गलका सुरू झाला, "नाव ले! नाव लिधाबिगर सोडसूत नई!" घाबरून मी पडदा वर ओढू लागलो, तर दोरी कप्पीत अडकलेली. तेवढ्यात मंगल पडद्याखालून वाकून बाहेर आली, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मिरचीना खळाम्हा पडना लाल लाल सडा,
प्रभाकररावनी खाट ओटावर, जोवर मिटस नई झगडा!"

टाळ्या थांबेनात. मग माय उठली. रेशनच्या दुकानातही माझ्या वडिलांचं, आबांचं नाव शेजारणीकडून सांगवणारी माझी माय!

"वरणबट्टीवर सोडी तूपनी धार,
सुकलालरावनी खाट बी आजपाईन घरना बाहेर!"

पलीकडे आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग एकेक बाई उठू लागली. त्या संध्याकाळी गावातले इतके खरे नवरे ओट्यावर गेले, की नाटकातल्या नवऱ्यांकडे कुणी बघेना.

घरी येताना मंगल म्हणाली, "दोरी तुटनी ते बरं व्हयनं. पडदा आड उना, म्हनीसन बाहेर येवानी हिंमत उनी."

पडदा आड आला म्हणून तिला हिंमत आली म्हणे! मी मान हलवली.

हल्ली गावात मला मंगलबाईचा नवरा म्हणतात, आणि मी छाती काढून चालतो. पण आमच्या लग्नात माझ्यावर उखाण्याची पाळी आली, तेव्हा मी खोकल्याचं निमित्त काढलं होतं. तेव्हा तिला चारचौघांत तिचं नाव घेऊन दाखवणं आणि दोरीचं खरं सांगणं, ही दोन देणी माझ्याकडे आहेत. उखाणा जुळवतोय. तोवर माझी खाट ओट्यावर.

तीही मीच नेली.