बाप-लेकीतली दुभाषी

एकोणतीस डिसेंबरच्या सकाळी टोकियो स्टेशनच्या फलाटावर उभी राहिले तेव्हा वाटलं, आज हे अख्खं शहर रिकामं होणार. ज्याच्या त्याच्या हातात खाऊच्या पिशव्या, पोरांच्या पाठीवर फुगलेल्या सॅक. जपानमध्ये नाताळ म्हणजे केक आणि रोषणाई. खरा सण नव्या वर्षाचा. त्याला माणसं गावी जातात, गणपतीला आपल्याकडचे चाकरमानी कोकणात जातात तशी. मला इथे गाव असण्याचं काही कारण नव्हतं. पुण्याहून टोकियोतल्या एदोगावात राहायला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. आजूबाजूची मराठी मंडळी सुट्टीला भारतात गेली होती आणि माझी तेवढी रजा साठलेली नव्हती.

पण मोरिता-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी') होत्या. माझ्याच टीममधल्या, पंचेचाळिशीच्या, माझ्या कोडमधली चूक दाखवण्याआधी स्वतःच माफी मागणाऱ्या. आमचं बोलणं इंग्रजी आणि जपानीच्या खिचडीत चालतं. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "मुगुदा-सान, नव्या वर्षाला काय करणार?" (मुग्धाचं मुगुदा झाल्याला आता बरेच महिने झाले.)

"झोपणार," मी म्हटलं.

"मग यामागाताला येता का? आमच्या गावी. बर्फ आहे, आई-बाबा आहेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही आलात तर मला फार मदत होईल."

मला वाटलं, हा जपानी विनय. मदत कसली होणार होती ते तिथे गेल्यावर कळलं.

शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुकुशिमा सोडलं आणि डोंगर लागल्यावर वेगबिग विसरून ती आपल्या घाटातल्या गाडीसारखी चालू लागली. खिडकीबाहेर आधी झाडांच्या बुंध्याशी पांढरं दिसलं, मग छपरांवर, मग छपरं कुठली आणि शेतं कुठली हेच कळेना. मी फोटोंवर फोटो काढत होते. मोरिता-सान मात्र खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. हातातला ओनिगिरी (भाताचा त्रिकोणी गोळा) त्यांनी अर्धवट खाऊन पुन्हा कागदात गुंडाळून ठेवला.

पुढे गावची बस. उतरताना माझं पहिलं पाऊल बर्फावर पडलं आणि दुसरं आभाळाकडे गेलं. पाठीवर पडल्या पडल्या जो पहिला यामागातावासी मला दिसला, ते मोरिता-सानचे वडील. सत्तरी ओलांडलेले, टोपी कानांवर ओढलेली, हातात रबरी गमबुटांचा जोड. पुण्याहून आलेली मुलगी पुण्याचेच बूट घालून येणार, हा त्यांचा अंदाज अचूक होता. त्यांनी मला हात दिला, बूट पुढे केले, माझी बॅग उचलली आणि चालू लागले. लेकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तीही काही बोलली नाही. मला वाटलं, थंडीमुळे असेल.

घरी त्यांच्या आई दारातच वाट पाहत होत्या. घरात तिघेही मोरिता-सानच, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना सरळ आई आणि बाबा म्हणायला लागले. आईंनी मला कोतात्सूत बसवलं. कोतात्सू म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेलं बुटकं टेबल. त्यात एकदा पाय घातले की माणूस कुठल्याही कामाचा राहत नाही. बाबांनी माझं नाव विचारलं.

"मुग्धा."

"मुगी?"

मुगी म्हणजे जव. मोरिता-सान सुधारायला गेल्या, पण बाबा तोवर मोठ्यांदा "मुगी-सान! छान नाव!" म्हणून हसले होते. बदलणं शक्य नव्हतं. मीही तो सौदा मान्य केला.

जेवायला बसलो. मी मासे खात नाही हे मोरिता-साननी आधीच कळवलं होतं, म्हणून आईंनी सगळ्याला नेहमीच्या माशांच्या पाण्याऐवजी वाळवलेल्या मशरूमचं पाणी वापरलं होतं. मी पुण्याहून आलेल्या बाकरवडीचं पाकीट फोडलं. बाबांना ती साकेबरोबर (तांदळाची दारू) फार आवडली. चौथी बाकरवडी खाऊन ते माझ्याकडे वळले.

"मुगी-सान, टोकियोत यंदा थंडी आहे का, विचारा तिला."

'ती' माझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसली होती.

मी गोंधळून वळले. "मोरिता-सान, बाबा विचारतायत..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, आहे."

"आहे," मी बाबांना सांगितलं.

"न्दा," बाबा म्हणाले. (तिकडच्या बोलीत 'हो' म्हणजे न्दा.)

मग हे असंच सुरू झालं. तिला सांगा, लोणचं घे. त्यांना सांगा, पुरे आता साके. तिला विचारा, ऑफिस कधी उघडणार. त्या घरात सगळ्यात कच्चं जपानी माझं, आणि दोन जपानी माणसांमध्ये जपानीतून जपानीत दुभाष्याचं काम मी करत होते. शब्द अडला की दोघंही मला मदत करायचे, फक्त एकमेकांना नाही. आई खाली मान घालून सूप वाढत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई कसली तरी वाळवलेली भाजी कोमट पाण्यात भिजवत होत्या. लालसर देठ, काळपट पानं. एक ताजी जुडी कशी दिसते ते त्यांनी मोबाईलवर दाखवलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. घोळ! आपली मंडईत मिळणारी घोळाची भाजी! इथे तिला 'ह्यो' म्हणतात. उन्हाळ्यात बांधावरून काढून वाळवतात आणि नव्या वर्षाला गाजर घालून शिजवतात. कारण जपानीत 'ह्योत्तो' म्हणजे 'कदाचित'. ह्यो खाल्ली की कदाचित काहीतरी चांगलं घडेल.

मी आईंना सांगितलं, मराठीत घोळ म्हणजे गोंधळसुद्धा. त्या खूप हसल्या. मग भाजी निथळत ठेवता ठेवता त्यांचं हसू थांबलं आणि मोबाईलवरच्या भाषांतराच्या, हातवाऱ्यांच्या मदतीने त्यांनी मला सगळं सांगितलं.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात बाबांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. मुलीला कळवायचं नाही, असा त्यांचा हुकूम. आईंनी तो पाळला. वसंतात शेजारणीने तिला फोनवर सहज विचारलं, "बाबा आता चालतात ना नीट?" त्याच दिवशी लेक टोकियोहून येऊन दारात उभी राहिली. मी तुमची कोण लागते, म्हणाली. बाबा म्हणाले, येऊन तू काय पोट शिवणार होतीस? ती त्याच संध्याकाळी परत गेली. तेव्हापासून ती फोन फक्त आईला करायची आणि नव्या वर्षाला तिला नेमकं काम निघायचं.

"यंदा तुम्ही येणार म्हणून ती आली," आई म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर भांडता येत नाही. तुम्हाला त्रास होतोय. माफ करा."

मला राग यायला हवा होता का? थोडा आलाही. पण टोकियोत खूप जणी ओळखीच्या असताना मोरिता-साननी ढाल म्हणून मला निवडलं, याचं कुठेतरी बरंही वाटलं.

दुपारी मोची. चिकट जातीचा भात वाफवून उखळात कुटायचा आणि त्याचे गोळे करायचे, हा नव्या वर्षाचा मुख्य उद्योग. उखळ आपल्यासारखंच, पण कमरेएवढं उंच. मुसळाऐवजी लांब दांड्याचा लाकडी हातोडा. एकाने हातोडा मारायचा आणि दुसऱ्याने दोन घावांच्या मधे ओला हात घालून गोळा उलटायचा. गेली काही वर्षं बाबा मारायचे आणि आई उलटायच्या. यंदा आईंच्या मनगटाला पट्टी होती.

"मुगी-सान उलटतील," बाबांनी जाहीर केलं.

अंगणातल्या शेडमध्ये भाताची वाफ भरली होती. बाबा "होय!" म्हणत हातोडा मारायचे, मी "हाय!" म्हणत हात घालायचे. पहिले काही घाव झकास गेले. मला वाटलं, जमलं की! तेवढ्यात गोळा माझ्या बोटांना चिकटला. मी ओढला तर तो सगळाच्या सगळा मनगटापर्यंत वर आला, आणि हातोडा खाली यायला निघाला होता.

"बाबा, थांबा!"

हातोडा उखळाच्या काठावर आदळला. बाबांचा चेहरा भातासारखा पांढरा पडला. माझा हात शाबूत होता, फक्त मोचीत बुडालेला. आणि ओरडल्या होत्या मोरिता-सान, भिंतीपाशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या. बाबांशी त्या स्वतः बोलल्या, हे माझ्या दोन क्षण उशिरा ध्यानात आलं.

त्यांनी बाह्या वर केल्या. "मुगुदा-सान, व्हा बाजूला."

"होय!"

"हाय!"

लहानपणापासून केलेलं काम असणार. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते, पण घाव आणि हात एकदाही चुकला नाही. आई आतून ताटं घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. गोळा गुळगुळीत होत चालला. मग मधेच बाबांनी हातोडा खाली टेकवला.

"कंबर दुखतेय," ते म्हणाले.

मी दुभाष्याच्या सवयीने तोंड उघडलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"कालपासून. छपरावरचा बर्फ काढताना भरली."

"मग काल का नाही सांगितलंत?" मोरिता-सान म्हणाल्या.

"आता सांगतोय ना."

मोरिता-साननी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, तसा नाकाला मोचीचा एक मोठा पांढरा ठिपका लागला. बाबा माझ्याकडे वळले. "मुगी-सान, तिला सांगा, तुझ्या..." आणि थांबले. मग लेकीकडे बघून म्हणाले, "नाकाला मोची लागलीय तुझ्या."

आधी आई हसल्या, मग आम्ही सगळेच. मोरिता-साननी हातोडा उचलला, बाबांना खोक्यावर बसवलं. उरलेला भात लेकीने कुटला आणि बापाने बसल्या बसल्या उलटला. कसं मारावं, कुठे मारावं, हेही तो सारखं सांगत होता.

एकतीस तारखेला रात्री देवळाच्या घंटा ऐकायच्या म्हणून मी फार उत्सुक होते. शेवया खाऊन कोतात्सूत जरा टेकले आणि उठले ते नव्या वर्षाच्या सकाळी. कोणी तरी अंगावर दोन रजया टाकल्या होत्या. गावच्या देवळात गेलो तेव्हा बर्फातून वाट काढताना पुढे बाप-लेक तावातावाने वाद घालत होते. चार तारखेला दवाखाना उघडला की कंबर दाखवायचीच, असं लेकीचं म्हणणं. त्यात दाखवायचं काय, असं बापाचं. बोली इतकी घट्ट होती की मला अर्धंही समजेना. कुणी मला काही विचारलंही नाही. माझी नोकरी गेली होती. आई माझ्या शेजारून चालत होत्या, आणि तो वाद त्या एखादं आवडतं गाणं ऐकावं तशा ऐकत होत्या.

तीन तारखेला मी एकटीच निघाले. मोरिता-साननी रजा वाढवली होती. बस थांब्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला न सांगता आणलं. माफ करा."

"पुढच्या वर्षी सांगून आणा," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत बर्फ मागे पडत गेला आणि मी मात्र त्या बापाच्या एका वाक्यावर अडकले. दुखतंय, एवढंच तर म्हणाले होते. घरच्यांना काळजी नको म्हणून आपण किती गोष्टी झाकून ठेवतो, आणि झाकलेल्या गोष्टींच्या पलीकडे घरच्यांना उभं करून ठेवतो. मीसुद्धा पहिले दोन महिने इथे रोज रडत होते, आणि पुण्याला फोनवर टोकियो किती स्वच्छ आहे ते सांगत होते.

एदोगावात घरी पोचले, बूट काढले आणि पुण्याला फोन लावला.

"कसे आहात बाबा?"

"एकदम मजेत! तू सांग, बर्फ पाहिलास?"

"पाहिला. एकदा घसरून पडले, पाठ अजून दुखतेय. आणि बाबा, मला इथे कधी कधी फार एकटं वाटतं. आता तुम्ही सांगा. खरं सांगा. काय काय दुखतंय?"

"छे, काही नाही." मागून आईचा आवाज आला, सांगा की तिला. त्यांनी घसा खाकरला.

"आता विचारतेसच, तर गुडघ्यापासून सुरुवात करतो."